देवी आलेला दगड

टोपच्या खाणीतून ट्रॅक्टर येतो तेव्हा
आई दगड आधी बघत नाही, ऐकते.
हातोडीच्या पाठीनं एक टिचकी.
खण्ण वाजला तर पाटा.
बद्द वाजला तर पायरी, नाहीतर गटाराचा काठ.
आणि अंगभर पांढरे ठिपके असले तर
"देवी आल्यात ह्याला," म्हणते
आणि पायानं बाजूला सारते.

कॉलेजात त्या ठिपक्यांचा वेगळा इतिहास आहे.
लाव्हा निवताना वायू आत कोंडला,
बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या,
मग पाणी झिरपत राहिलं, कुणी न बघता,
आणि एकेक पोकळी स्फटिकांनी भरली.
मी पेपरात हे सगळं लिहिलं
आणि शेवटी कंसात: देवी.
कुरणे सरांनी कंस तेवढा खोडला.

हणमादादा बोअरच्या गाडीवर आहे.
पाचगावला कुणाच्या तरी प्लॉटवर
दर दहा फुटांची भुकटी तो ओळीनं मांडतो:
माती, मुरूम, मग काळा, काळा, काळा,
आणि मधेच मूठभर तांबडं,
भाजल्या विटेसारखं.
"हितं मशीन पळतंय बघ," तो म्हणाला.
मी ते तांबडं रुमालात बांधून आणलं.
दोन लाव्हांच्या मधली ती माती.
एक थर निवला, त्यावर पाऊस पडला,
दगड कुजला, कदाचित काही उगवलंही,
आणि मग वरून पुढचा लोट आला.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची एक सुट्टी
माझ्या रुमालात. धुतला तरी डाग गेला नाही.

रात्री आईनं विचारलं, "तुझ्या पुस्तकात
खानीच्या खाली काय हाय?"
मी म्हटलं, दगड.
"आनि त्याच्या खाली?"
वेगळा दगड. पस्तीस-चाळीस किलोमीटर कवच,
मग प्रावरण, तेही दगडच, पण तापलेला,
घट्ट, आणि तरीही सरकणारा.
"घट्ट हाय तर सरकतोय कसा?"
मी गुऱ्हाळ आठवायला सांगितलं,
काहिलीतून वाफ्यात ओतलेला गूळ,
धड पातळ नाही, धड ढेप नाही.
त्याहून कितीतरी घट्ट, म्हटलं,
आणि त्याहून कितीतरी सावकाश.
"आनि मदोमद?"
लोखंड.
आई पहिल्यांदा खूश झाली.
"म्हंजे टाकी हाय आत."

परवा पहाटे कोयनेकडनं हादरा आला.
मांडणीतली ताटं वाजली, तेवढंच.
शेजारच्या इंगवलेकाकू पदर सावरत रस्त्यावर.
आई मात्र अंगणात गेली,
नव्या पाट्यांच्या चळतीवर हात ठेवून उभी राहिली,
जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.
"गप," म्हणाली. "गप."
आत आल्यावर मला म्हणाली,
"बद्द वाजलं."

मी तिला सांगितलं नव्हतं
की आपण सगळे एका फळीवर आहोत,
ज्योतिबाचा डोंगर, पंचगंगेचा घाट, टोपची खाण,
ह्या न विकल्या गेलेल्या पायऱ्यासुद्धा,
आणि फळी उत्तरेकडे निघालीय,
वर्षाला पाच सेंटिमीटर.
आता सांगितलं.
"पाच म्हंजे किती?"
बोटाचं नख वाढतं जवळपास तेवढं, मी म्हटलं,
सर वर्गात असंच सांगतात.

तिनं दिव्याखाली हात धरले.
अंगठ्याचं नख अर्धं काळं,
करंगळीचं गेल्या शिमग्यापासून नाहीच,
बाकीची झिजून मासाला लागलेली.
बराच वेळ बघत राहिली.
"मग ही फळी," ती म्हणाली,
"टाकी मारनाऱ्या बाईची नसनार."

सकाळी बाजूला सारलेल्या ढिगातून
मी एक ठिपक्यांचा दगड उचलला.
नेऊ का कॉलेजात, विचारलं.
ती पाट्यावर वाकलेली होती. टक्, टक्.
"ने की," म्हणाली.
"पन झाकून ने. देवी हायत."